लिनक्स लॅपटॉपवर वायफाय हाताने जोडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने लॅपटॉप झाडूनपुसून, त्यांत लिनक्स टाकून शिकणाऱ्या मुलांना द्यायचे, हा माझा बरीच वर्षं चाललेला उद्योग. लॅपटॉप घरी गेला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन येतो, ‘काका, नेट लागत नाहीये.’ त्या फोनांवर जे पुन्हा पुन्हा विचारलं गेलं ते इथे आहे. क्रम मी लावला आहे, कारण बिघाड शोधायचा क्रमही तोच आहे.

वायफायच्या चिन्हावर क्लिक करून जोडता येतं, मग हाताने कशाला?

क्लिक करून लागत असेल तर खुशाल तसंच लावा. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन यांच्या डेस्कटॉपवर नेटवर्कमॅनेजर नावाचा प्रोग्राम हे काम करतो आणि बहुतेक वेळा नीट करतो. पंचाईत होते ती तो अडला की. चकरी फिरत राहते, पासवर्ड पुन्हा विचारला जातो, आणि माणूस तोच पासवर्ड सात वेळा टाकतो. पुष्कळदा पासवर्डचा काही दोषच नसतो.

वायफाय लागणं म्हणजे एकामागून एक पाच गोष्टी जमणं. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, वायफायचं कार्ड ओळखलं पाहिजे. कार्डाचा रेडिओ चालू पाहिजे. राउटरशी किल्ली, म्हणजे पासवर्डवरून बनलेला गुप्त संकेत, जुळली पाहिजे. राउटरकडून आयपी पत्ता मिळाला पाहिजे. आणि वेबसाइटचं नाव घेऊन तिचा पत्ता शोधून देणारा डीएनएस सापडला पाहिजे. गाडं यातल्या कशावर अडलं ते चकरी सांगत नाही. हाताने जोडताना प्रत्येक टप्प्यावर मशीन काहीतरी उत्तर देतं, म्हणून मी हाताने जोडायला सांगतो. एकदा दोष सापडला की पुन्हा चिन्हावर क्लिक करायला माझी काही हरकत नाही.

इथल्या कमांड देवनागरीत का लिहिल्या आहेत?

कारण फोनवर मी त्या अशाच सांगतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, आणि लिनक्सला लहान-मोठं अक्षर वेगळं दिसतं, तेव्हा वेगळं सांगितलं नसेल तर सगळी छोटी अक्षरं. ‘डॅश’ म्हणजे शून्याच्या शेजारची आडवी रेघ. जिथे सुटी अक्षरं उच्चारली आहेत तिथे तीच अक्षरं टाका: ‘आयडब्ल्यू’ म्हणजे आय आणि डब्ल्यू, एवढीच कमांड. घोटाळा हमखास होतो तो ‘डब्ल्यूलॅन०’ लिहिताना. दुसरं अक्षर एल आहे, एक हा आकडा नाही. शेवटी शून्य आहे, ओ नाही. बहुतेक कमांडच्या आधी ‘सुडो’ लावावं लागतं, म्हणजे ती मशीनच्या मुख्य अधिकाराने चालते. मी दर वेळी लिहीत नाही. ‘परमिशन डिनाइड’ किंवा ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं की समजा, सुडो राहिलं.

लिनक्स टाकलं, पण वायफायचं चिन्हच दिसत नाही. कार्ड गेलं का?

सहसा नाही. आधी ‘एलएसपीसीआय डॅश के’ चालवा. भली मोठी यादी येईल, त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ किंवा ‘वायरलेस’ असा शब्द शोधा. तिथे कार्डाचं नाव असतं आणि खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असते. कार्डाचं नाव आहे पण ही ओळ नाही, याचा अर्थ हार्डवेअर दिसतंय, त्याला चालवणारा ड्रायव्हर मिळालेला नाही. कार्डाचं नावच नसेल तरच कार्ड सैल आहे का, बायॉसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद आहे का, हे बघायचं. यूएसबीला लावायचा डोंगल असेल तर हीच चौकशी ‘एलएसयूएसबी’ने करा.

कधी ड्रायव्हर असतो आणि तरी कार्ड उठत नाही. हे नवख्या माणसाला पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आजच्या बहुतेक वायफाय कार्डांत स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो, आणि त्याला चालवणारा प्रोग्राम कार्डात कायमचा भरलेला नसतो. दर वेळी लॅपटॉप सुरू झाला की ड्रायव्हर तो डिस्कवरून उचलून कार्डात भरतो. यालाच फर्मवेअर म्हणतात, आणि लिनक्समध्ये तो ‘लिब’ फोल्डरमधल्या ‘फर्मवेअर’ या फोल्डरात असतो. हा प्रोग्राम कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा, त्याचा सोर्स कोड खुला नसतो. त्यामुळे डेबियनने तो वर्षानुवर्षं आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवलाच नाही, तो वेगळा आणावा लागे. २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन १२ पासून तो इन्स्टॉलरमध्येच येतो. कुणी दिलेल्या जुन्या पेनड्राइव्हवरून त्याआधीचं डेबियन टाकलं असेल, तर तुमचं दुखणं बहुधा हेच.

खात्री करायला ‘सुडो डीमेसेज’ चालवून त्यात फर्मवेअर हा शब्द शोधा. टाइप करताना डी, एम, मग ई, एस, जी. ‘फेल्ड टु लोड’ अशी ओळ असेल तर तिथे फाइलचं नावही असतं. इंटेलच्या कार्डाला डेबियनमध्ये ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’ हे पॅकेज लागतं, रिअलटेकला ‘फर्मवेअर-रिअलटेक’. ब्रॉडकॉमच्या काही चिपना फर्मवेअरवर भागत नाही, वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो; तिथे चिपचा नेमका नंबर हातात असल्याशिवाय काही टाकू नका. उलट अथेरॉसच्या जुन्या, ‘एटीएच९के’ ड्रायव्हरवर चालणाऱ्या पीसीआय कार्डांना फर्मवेअरची फाइल लागतच नाही. अशी चार कार्डं मी डब्यात राखून ठेवली आहेत.

पण नेटच नाही, तर पॅकेज उतरवू कशावरून?

अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला लावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्सला तो फोन तारेच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो, ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. पॅकेज उतरवा, लॅपटॉप बंद करून चालू करा, केबल काढा. केबल डेटा नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर अर्धा तास घालवलेली मुलं मला माहीत आहेत.

डोंगल विकत घेऊ का?

घ्या, पण खोक्यावरच्या मॉडेल नंबरवर जाऊ नका. एकाच मॉडेलच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत वेगवेगळ्या चिप निघतात. एक लिनक्सवर लावताक्षणी चालते, दुसरीचा ड्रायव्हर कुणीतरी हौशी माणूस सांभाळत असतो आणि कर्नल अपडेट झाला की तो मोडतो. चिपचं नाव विचारा, आणि दुकानदाराला ते सांगता आलं नाही तर परत करायच्या बोलीवर घ्या.

माझ्याकडे ‘डब्ल्यूलॅन०’ नाही, ‘डब्ल्यूएलपी२एस०’ आहे. बिघडलंय का?

नाही. २०१३ पासून सिस्टमडीने, म्हणजे लिनक्स सुरू करून त्यातल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामने, नावं द्यायची पद्धत बदलली. डब्ल्यूएल म्हणजे वायरलेस, पी२ म्हणजे दुसऱ्या नंबरची पीसीआय बस, एस० म्हणजे तिच्यावरचा शून्य नंबरचा स्लॉट. तुमचं नाव ‘आयपी लिंक’ या कमांडने कळेल. पुढे मी ‘डब्ल्यूएलपी२एस०’ लिहिलं आहे तिथे तुमच्याकडचं नाव घाला.

कार्ड दिसतंय, ड्रायव्हर आहे, तरी एकही नेटवर्क सापडत नाही.

‘आरएफकिल लिस्ट’ चालवा. वायरलेसखाली दोन ओळी येतील: ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ आणि ‘हार्ड ब्लॉक्ड’. सॉफ्टपुढे ‘येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ म्हटलं की काम झालं. हार्डपुढे ‘येस’ असेल तर कुठलीही कमांड चालणार नाही. ते एखादं खरंखुरं बटण आहे, बोटानेच सरकवायचं.

हे मी अनुभवाने सांगतो. एका मुलीच्या लॅपटॉपवर मी ही कमांड न चालवता थेट मागचं झाकण उघडलं. कार्ड बदललं, पुन्हा बदललं, अँटेनाच्या केसासारख्या बारीक तारांचे कनेक्टर काढून बसवले. दोन तासांनी चहा घेऊन आलेल्या बायकोने लॅपटॉप हातात घेऊन विचारलं, ‘हे पुढच्या कडेला काय आहे हो?’ नखाएवढं सरकतं बटण होतं, रंग लॅपटॉपच्या अंगाचाच. तेव्हापासून आरएफकिल आधी, स्क्रूड्रायव्हर नंतर.

ठीक. आता प्रत्यक्ष जोडायचं कसं?

पहिल्यांदा नेटवर्कमॅनेजरला बाजूला बसवा, नाहीतर तुम्ही आणि तो एकाच कार्डाची ओढाताण करत राहाल: ‘सिस्टमसीटीएल स्टॉप नेटवर्कमॅनेजर’. इथे नावातली एन आणि एम ही दोन अक्षरं मोठी. मग ‘सुडो डॅश आय’ करून रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, व्हा, पुढची सगळी कामं तिथेच करू.

कार्ड जागं करा: ‘आयपी लिंक सेट डब्ल्यूएलपी२एस० अप’. आसपास काय काय आहे ते पाहा: ‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० स्कॅन’. ‘एसएसआयडी’ या शब्दापुढे नेटवर्कचं नाव असतं आणि ‘सिग्नल’पुढे उणे आकडा. उणे ५० म्हणजे राउटर शेजारीच. उणे ७०पर्यंत चालतं. उणे ८०च्या पलीकडे पासवर्ड कितीही बरोबर असला तरी भांडण होणार. आधी लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये या.

आता किल्लीची फाइल. ‘डब्ल्यूपीए अंडरस्कोर पासफ्रेज’ ही कमांड, तिच्यापुढे नेटवर्कचं नाव एकेरी अवतरणात, मग ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह आणि फाइलचं नाव, समजा ‘घर डॉट कॉन्फ’. एंटर मारल्यावर कर्सर नुसता लुकलुकत राहील. तो पासवर्डची वाट बघतोय, टाइप करून एंटर मारा. पासवर्ड कमांडच्या ओळीतच लिहायची सोय आहे, पण ती वापरू नका. एक तर तो इतिहासात राहतो, आणि दुसरं, त्यात डॉलर किंवा उद्गारचिन्ह असेल तर टर्मिनल त्याचा भलताच अर्थ लावतं. तयार झालेली फाइल उघडलीत तर किल्ली ६४ अक्षरांची दिसेल, आणि वर हॅशचं चिन्ह लावलेल्या ओळीत तुमचा मूळ पासवर्ड उघडा पडलेला असेल. ती ओळ पुसून टाका. फाइल रूटशिवाय कुणाला वाचता येऊ नये म्हणून ‘सीएचमॉड ६००’ लावा.

मग ‘डब्ल्यूपीए अंडरस्कोर सप्लिकंट डॅश आय डब्ल्यूएलपी२एस० डॅश सी घर डॉट कॉन्फ’. राउटरशी किल्ली जुळवायचं काम करणारा प्रोग्राम तो हाच. सप्लिकंटमध्ये पी दोन. ओळी सरकू लागतील. ‘सीटीआरएल-इव्हेंट-कनेक्टेड’ दिसलं की किल्ली जुळली. कंट्रोल-सी दाबून थांबवा आणि तीच कमांड ‘डॅश बी’ जोडून पुन्हा चालवा, हा बी मोठा. आता ती पडद्यामागे चालू राहील. पहिल्या फेरीत बी न लावता चालवायचं एवढ्यासाठीच की तिची बडबड वाचता यावी.

शेवटी पत्ता मागा: ‘डीएचसीपीसीडी डब्ल्यूएलपी२एस०’. जुन्या लेखांत ‘डीएचक्लायंट’ असतं. तेही तुमच्याकडे असेल तर चालेल, पण ज्या आयएससी संस्थेने ते बनवलं तिने २०२२ मध्ये त्याची देखभाल थांबवली. ‘आयपी ए’ चालवून पाहा. ‘आयनेट’पुढे १९२.१६८ ने सुरू होणारा, किंवा काही ठिकाणी १० ने सुरू होणारा पत्ता दिसला की जिंकलात.

जुन्या लेखात ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ने दोन ओळींत जोडून दाखवलंय. मग एवढा खटाटोप का?

तो लेख वेप या वायफायच्या जुन्या सुरक्षापद्धतीच्या काळातला आहे. आयडब्ल्यूकॉन्फिगला किल्ली देता येते ती फक्त वेपची, आणि वेपचा दोष २००१ मध्येच उघड झाला. आज ते काही मिनिटांत फुटतं. २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं, २००४ मध्ये डब्ल्यूपीए२. यांत राउटर आणि लॅपटॉप चार निरोपांची देवाणघेवाण करून एकमेकांची खात्री पटवतात, आणि ठरावीक वेळाने किल्ली बदलतात. हे सतत चालणारं काम असल्यामुळे सप्लिकंटला मागे जागं राहावं लागतं.

पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी ‘४-वे हँडशेक फेल्ड’ येतं.

नेटवर्कचं नाव तपासा. हे ऐकून लोक चिडतात, पण ६४ अक्षरांची ती किल्ली पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव दोन्ही मिसळून, तोच हिशेब ४०९६ वेळा घोटून बनते. कुणी राउटरचं नाव बदललं आणि पासवर्ड तोच ठेवला, तरी तुमच्या फाइलमधली किल्ली निकामी झाली. फाइल पुन्हा बनवा. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचाच असतो. कुणी सहा अक्षरी सांगितला तर सांगणाऱ्याचीच चूक आहे.

राउटर नवा असेल आणि त्यावर फक्त डब्ल्यूपीए३ चालू ठेवलं असेल, तरीही लागणार नाही. तेव्हा फाइलमध्ये ‘की अंडरस्कोर एमजीएमटी’ला ‘एसएई’ ही किंमत द्या, तीन मोठी अक्षरं. ‘आयईईई८०२११डब्ल्यू’ला २ द्या. आणि ६४ अक्षरी किल्लीची ओळ काढून ‘पीएसके’पुढे मूळ पासवर्ड दुहेरी अवतरणात लिहा, कारण एसएईला ती घोटलेली किल्ली चालत नाही. कार्ड फार जुनं असेल तर राउटरच डब्ल्यूपीए२ आणि ३ च्या मिश्र पद्धतीवर आणावा लागेल.

वायफायचं नाव मराठीत ठेवलं तर लिनक्सवर चालतं का?

चालतं, आणि हा माझा आवडता प्रश्न आहे. नाव ३२ बाइटपर्यंत असू शकतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक वर्णाला आणि मात्रेलाही तीन. ‘गजानन निवास’ मोजून बघा: पाच चिन्हं, मधली जागा, पुन्हा पाच चिन्हं. एकूण ३१ बाइट. बसलं, एक बाइट उरला! पण वरच्या मजल्यासाठी ‘गजानन निवास २’ ठेवायला गेलात तर ३५ होतात, राउटर घेणार नाही. काही राउटरांचं सेटिंगचं पान तर इंग्रजीशिवाय काहीच घेत नाही.

स्कॅनच्या यादीत असं नाव अक्षरांत न दिसता ‘बॅकस्लॅश एक्स ई०, बॅकस्लॅश एक्स ए४’ असल्या मालिकेत दिसेल. घाबरू नका, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ई० ए४ किंवा ई० ए५ नेच सुरू होतं. फाइल यूटीएफ-८ मध्ये असेल तर नाव जसंच्या तसं लिहा. पासवर्ड मात्र इंग्रजी कीबोर्डवरच्या अक्षरांचाच ठेवा.

बाकीच्यांच्या फोनवर नेटवर्क दिसतं, माझ्या लॅपटॉपवर नाही.

बहुतेक वेळा ते ५ गिगाहर्ट्झवर असतं आणि जुन्या कार्डाला २.४ च येतं. ‘आयडब्ल्यू लिस्ट’मध्ये ‘बँड’ शोधा. ५१८० सारखे आकडे कुठेच नसतील तर कार्डाला ५ येत नाही. राउटरवर २.४ चालू करायला सांगा.

दुसरं कारण चॅनेल. भारतात २.४ वर १ ते १३ चॅनेल चालतात, अमेरिकेत सर्वसाधारणपणे ११ पर्यंतच. परदेशातून कुणी पाठवलेल्या लॅपटॉपला १२ आणि १३ बंद असू शकतात. ‘आयडब्ल्यू रेग सेट आयएन’ करा, शेवटची दोन अक्षरं मोठी. काही कार्डांत देश कायमचा कोरलेला असतो, ती ऐकत नाहीत. मग राउटरच १, ६ किंवा ११ वर आणा. तेच तीन एकमेकांच्या पायात येत नाहीत. नाव मुद्दाम लपवलेलं असेल तर फाइलमध्ये ‘स्कॅन अंडरस्कोर एसएसआयडी’ला १ द्या.

‘कनेक्टेड’ म्हणतं, पण एकही पान उघडत नाही.

‘आयपी ए’ बघा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, मशीनने आपलाच एक धरला आहे. राउटर बंद-चालू करून पत्ता मागायची ‘डीएचसीपीसीडी’ची कमांड पुन्हा द्या. पत्ता नीट असेल तर आधी ‘पिंग’ने राउटरला हाक मारा, बहुधा १९२.१६८.१.१, नक्की कोणता ते ‘आयपी रूट’च्या ‘डिफॉल्ट व्हाया’ ओळीत असतं. मग ‘पिंग ८.८.८.८’. राउटर ओ देतो पण हे उत्तर देत नाही, तर गडबड घराबाहेर आहे, लॅपटॉपला छळू नका. हेही चालतं पण वेबसाइटचं नाव दिल्यावर चालत नाही, तर डीएनएस: ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’मध्ये ‘नेमसर्व्हर ८.८.८.८’ अशी ओळ घाला.

आणि सगळंच चालतं पण ब्राउझर प्रत्येक पानावर ‘सुरक्षित नाही’ म्हणून ओरडतो? घड्याळ बघा. जुन्या लॅपटॉपचा आतला बटण-सेल संपला की तारीख दहाबारा वर्षं मागे जाते आणि वेबसाइटचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं.

कॉलेजच्या वायफायला नाव आणि पासवर्ड दोन्ही लागतात.

त्याची पद्धत वेगळी, ‘डब्ल्यूपीए-ईएपी’. एज्युरोम हे शिक्षणसंस्थांचं सामायिक वायफाय असलेल्या संस्थांतही हीच असते. इथे मात्र मी हाताने करा म्हणणार नाही. नेटवर्कमॅनेजरच्या खिडकीत पीईएपी निवडा, आतली पद्धत एमएस-चॅपव्ही२, आणि संस्थेने दिलेली प्रमाणपत्राची फाइल जोडा. ‘प्रमाणपत्र नको’ असा एक चौकोन असतो, त्यावर टिक करायचा मोह होतो. करू नका. त्याच नावाचं खोटं नेटवर्क कुणीही उभं करू शकतं, आणि तुमचा लॅपटॉप त्याच्या हातात तुमचं लॉगिन देऊन मोकळा होतो.

दर दहा मिनिटांनी तुटतं.

आधी ‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० सेट पॉवर अंडरस्कोर सेव्ह ऑफ’ करून बघा. बॅटरी वाचवायला कार्ड मधूनमधून डुलकी घेतं, काही कार्डांना त्यातून उठणं जमत नाही.

लॅपटॉप चालू केला की दर वेळी हे सगळं करायचं?

छे. दोष कुठे होता ते कळलं ना? आता नेटवर्कमॅनेजर पुन्हा चालू करा, सप्लिकंटची स्वतः सुरू केलेली प्रत बंद करा, आणि ‘एनएमटीयूआय’ चालवा. टर्मिनलमध्येच निळ्या पडद्यावर यादी येते, बाणांनी निवडायचं, पासवर्ड द्यायचा, लक्षात ठेवायचं काम त्याचं. डेस्कटॉप नसलेल्या मशीनवरही हे चालतं.

तरी जमलं नाही तर फोन करण्याआधी काय हाताशी ठेवू?

‘एलएसपीसीआय डॅश के’मधला नेटवर्कचा भाग, ‘आरएफकिल लिस्ट’, ‘आयपी ए’ आणि ‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० लिंक’, या चारांचा स्क्रीनचा फोटो. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब न पडेल असा काढा. किल्लीची फाइल पाठवू नका, मला तुमच्या वायफायचा पासवर्ड नको आहे. आणि फोन शक्यतो साडेआठनंतर, तोवर मी जेवत असतो.